दरी ओलांडताना लाव्हाप्रवाहाची सीमा तुटते, तेव्हा काय तपासायचं

लक्षण ठरलेलं असतं. वाईजवळ कृष्णेच्या एका अंगाच्या डोंगरावर तुम्ही उपग्रहाच्या डीईएमवरून, म्हणजे जमिनीच्या उंच्यांच्या अंकीय नकाशावरून, बसाल्टच्या एका प्रवाहाचा तळ रेखाटता. समोरच्या अंगाला तोच टप्पा दिसतो. तसाच कडा, तसाच कड्याखालचा सपाट पट्टा, पण उंची जुळत नाही. कधी पंधरा मीटरचा फरक पडतो, कधी साठ-पासष्टचा. मग दरीच्या मधोमध एक तुटक रेघ येते आणि तिच्यावर ‘प्रस्तरभंग’ असं लिहिलं जातं, म्हणजे इथे खडक तुटून एक बाजू वर-खाली सरकली आहे (भ्रंश).

साताऱ्यात भूजलाच्या कामासाठी असे नकाशे मी नेहमी करतो आणि इतरांनी केलेले तपासतोही. महाविद्यालयांचे प्रकल्प असोत, पाणलोटाचे अहवाल असोत, ही तुटक रेघ पुन्हा पुन्हा भेटते. बहुतेक वेळा ती जमिनीत नसते, आकड्यांत असते. ती कुठून आली ते शोधायची माझी पद्धत इथे मांडतो.

या रेघेची मला एवढी काळजी वाटते, त्याला दोन कारणं आहेत. पहिलं कारण पाणी. आपल्या डोंगरांतले झरे बहुतांशी दोन प्रवाहांच्या सीमेवर फुटतात. वरच्या प्रवाहाच्या सांध्यांतून उतरलेलं पाणी खालच्या तांबड्या चिकणमातीच्या थरावर किंवा सांधे नसलेल्या घट्ट कातळावर अडतं आणि आडवं वाहत उताराला बाहेर पडतं. सीमा साठ मीटरने चुकली की झऱ्याचं पाणलोट क्षेत्र चुकतं, चर खणायची जागा चुकते आणि विहीर भलत्याच थरात जाते. दुसरं कारण कोयना. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप पाटण तालुक्यातल्या घराघरांत अजून आठवला जातो. त्या भूकंपात दोनाचीवाडा गावाच्या परिसरात जमिनीला भेगा पडल्या आणि तिथला भ्रंश आज संशोधनात त्याच गावाच्या नावाने ओळखला जातो. अशा जिल्ह्यात गावाच्या डोक्यावरून प्रस्तरभंगाची खोटी रेघ ओढली तर लोकांची झोप उडते. म्हणून ती ओढण्याआधी सगळे साधे संशयित तपासून बाजूला करायचे.

आधी फरकाचा स्वभाव बघा

फरक किती आहे यापेक्षा तो कसा वागतो ते जास्त सांगून जातं. एकाच ठिकाणी मोजून थांबू नका. दरीच्या दोन्ही अंगांना, जमतील तितक्या सोंडांवर तीच सीमा मोजा आणि फरकांचे आकडे नकाशावर मांडा.

सगळीकडे फरक जवळजवळ सारखा असेल आणि तो एका सरळ रेषेवर अचानक सुरू होत असेल, तर दोष उंचीच्या संदर्भपातळीचा. उताराचं तोंड कुठल्या दिशेला आहे त्यानुसार फरक बदलत असेल, म्हणजे पूर्वेच्या उतारावर अधिक आणि पश्चिमेच्या उतारावर उणे, तर डीईएम आडवा सरकलेला आहे. जंगलात फरक आणि उघड्या माळावर काहीच नाही, असं असेल तर झाडं मोजली गेली आहेत. एकाच दिशेने जाताना फरक हळूहळू वाढत असेल, तर तो थरांचा खरा कल असू शकतो आणि त्यात बिघड काहीच नाही. यातलं काहीही लागू पडत नसेल, तेव्हाच भूविज्ञानाकडे वळायचं.

साठ-सत्तर मीटरचा सरसकट फरक

हा सगळ्यात जास्त भेटतो आणि सुधारायला सगळ्यात सोपा आहे. नकाशाचा एक भाग एका डीईएमवर केलेला असतो, दुसरा भाग दुसऱ्यावर. इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावरून मिळणारा कार्टोडीईएम कार्टोसॅट-१ च्या जोडप्रतिमांवरून तयार झाला आहे. हा उपग्रह ५ मे २००५ रोजी सोडला गेला. त्याच्या उंच्या डब्ल्यूजीएस ८४ एलिप्सॉइडपासून, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या गणिती लंबगोलापासून, मोजलेल्या असतात. एसआरटीएम आणि कोपर्निकस जीएलओ-३० हे रडारवरून केलेले दोन जागतिक डीईएम. एसआरटीएमच्या उंच्या ईजीएम ९६ या जिऑइडपासून असतात आणि कोपर्निकसच्या ईजीएम २००८ या जिऑइडपासून. जिऑइड म्हणजे ढोबळमानाने समुद्रसपाटी. आपल्या भागात हे जिऑइड एलिप्सॉइडच्या साठ-सत्तर मीटर खाली आहे. त्यामुळे एकच डोंगर एलिप्सॉइडवर मोजला की साठ-सत्तर मीटर बुटका दिसतो.

आपल्या हातातला डीईएम कुठल्या पातळीवर आहे हे कागदपत्रांतून कळत नसेल, तर त्याच मालिकेतली कोकण किनाऱ्याची टाइल उतरवा आणि समुद्राची उंची वाचा. समुद्र शून्याच्या आसपास असेल तर जिऑइड. उणे साठ-सत्तरच्या घरात असेल तर एलिप्सॉइड. साताऱ्यातल्या कुठल्याही डोंगरावर डोकं लावत बसण्यापेक्षा ही खूण लवकर पटते.

सुधारणा करताना सूत्र एवढंच: समुद्रसपाटीपासूनची उंची म्हणजे एलिप्सॉइडवरची उंची वजा जिऑइडची उंची. इथे जिऑइडची उंची उणे असल्यामुळे प्रत्यक्षात बेरीज होते. दुरुस्तीनंतर फरक नाहीसा होण्याऐवजी एकशे तीस मीटरच्या आसपास गेला, तर चिन्ह उलटं लागलं आहे असं समजा. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर आत बसलेल्या जीडीएएलच्या वॉर्प साधनाने ईपीएसजी (निर्देशांक-पद्धतींचे क्रमांक) ४९७९ वरून ४३२६+५७७३ मध्ये रूपांतर करता येतं. यातला ५७७३ हा ईजीएम ९६ चा क्रमांक, ईजीएम २००८ हवं असेल तर ३८५५. जिऑइडची ग्रिड फाइल संगणकावर नसेल तर काही वेळा कुठलीही तक्रार न करता उंच्या जशाच्या तशा बाहेर पडतात. म्हणून रूपांतर झाल्यावर एखाद्या बिंदूची उंची आधीशी ताडून बघाच. ईजीएम ९६ आणि ईजीएम २००८ यांच्यातला आपसातला फरक आपल्या कामापुरता नगण्य आहे, त्यात वेळ घालवू नका.

हाच घोळ मोबाइलवरही होतो. अँड्रॉइडवरची बरीच ॲप एलिप्सॉइडची उंची तशीच दाखवतात, तर हातातलं जीपीएस यंत्र सहसा जिऑइडची दुरुस्ती करून आकडा देतं. दोन मित्र पसरणी घाटात एकाच वळणावर उभे राहून वेगवेगळ्या उंच्या लिहून आणतात ते यामुळे. वहीत उंचीशेजारी साधनाचं नाव लिहायची सवय लावा.

फरक उताराच्या तोंडानुसार बदलतो

दोन डीईएम एकमेकांतून वजा करा आणि उरलेलं चित्र नुसत्या डोळ्यांनी बघा. सपाट करडा पट दिसण्याऐवजी डोंगरांचं हिलशेड (एका बाजूने प्रकाश टाकून काढलेलं उजेड-सावलीचं चित्र) असावं तसं उठावाचं चित्र दिसलं, तर एक डीईएम दुसऱ्याच्या तुलनेत आडवा सरकलेला आहे. एका बाजूचे सगळे उतार उजळ, दुसऱ्या बाजूचे काळे. याचं नेहमीचं कारण अर्ध्या पिक्सेलचं असतं: एका फाइलीत आकडा पिक्सेलच्या मध्याचा धरलेला असतो, दुसरीत कोपऱ्याचा. ३० मीटरच्या डीईएममध्ये अर्धा पिक्सेल म्हणजे १५ मीटर. ४५ अंशांच्या उतारावर १५ मीटर आडवं सरकणं म्हणजे उंचीतही १५ मीटरचीच चूक, आणि आपल्याकडचे कित्येक प्रवाह तेवढ्याच जाडीचे असतात. म्हणजे एक अख्खा प्रवाह हातचा जातो.

यावरचा उपाय नुथ आणि कॅब यांनी २०११ मध्ये नीट मांडला: उंचीतल्या फरकाला उताराच्या टॅनने भागायचं, तो उताराच्या दिशेसमोर मांडायचा आणि त्यातून येणाऱ्या कोसाइन वक्रावरून सरकण्याची दिशा आणि अंतर काढायचं. पायथॉनमध्ये यासाठी तयार साधनं आहेत. हाताने करायचं असेल तर एक डीईएम थोडा थोडा सरकवून वजाबाकीचं चित्र सपाट होईपर्यंत बघायचं. वेळ लागतो, पण होतं.

जुन्या टोपोशीटवरच्या सीमा डीईएमवर आणत असाल तर हाच प्रश्न आणखी मोठा होतो. भारतीय सर्वेक्षणाची जुनी पत्रकं एव्हरेस्ट एलिप्सॉइडवर आहेत. त्यांच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश सरळ डब्ल्यूजीएस ८४ समजून बसवले, तर इथे शंभराहून जास्त मीटरचा सरकाव येतो. एवढ्या सरकावात कड्यावरची सीमा थेट कड्याखालच्या शेतात जाऊन पडते.

सीमा म्हणजे कड्याचा माथा की पाय?

हा भाग संगणकाचा नाही. दहा ते तीस मीटरच्या फरकामागे मला सगळ्यात जास्त वेळा हेच कारण सापडतं, म्हणून यावर जरा थांबतो.

आपल्या डोंगरांना पायऱ्या कशामुळे पडतात ते आठवा. प्रत्येक प्रवाहाचा मधला भाग घट्ट असतो. तो सावकाश थंड झालेला असतो, त्यात उभे सांधे पडलेले असतात. त्याचा कडा तयार होतो. प्रवाहाचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र असतो, त्या पोकळ्यांत झिओलाइट आणि गारा भरलेल्या असतात. तो लवकर झिजतो आणि त्याचा मुरूम होऊन सपाट टप्पा पडतो. त्याच्यावर कधी तांबड्या मातीचा थर असतो, मग पुढच्या प्रवाहाचा तळ आणि पुन्हा कडा.

आता सांगा, दोन प्रवाहांमधली सीमा नेमकी कुठे आली? टप्प्याच्या आतल्या कडेला, म्हणजे वरच्या कड्याच्या पायाशी. पण हिलशेडवर डोळ्यात भरतो तो कड्याचा माथा, कारण तिथे उजेड-सावलीची धारदार रेघ पडते. एका अंगाला एकाने माथा धरला आणि समोर दुसऱ्याने पाय धरला, की कड्याच्या उंचीइतका फरक आपोआप तयार होतो. दोन विद्यार्थ्यांनी दोन अंगं वाटून घेतली असतील तर ही पहिली शंका घ्यावी.

म्हणून रेघ हिलशेडवर काढू नका. प्रोफाइल कर्व्हेचर, म्हणजे उताराच्या दिशेतली वक्रता काढा. माथ्यावर ती बहिर्वक्र येते, पायाशी अंतर्वक्र. सीमेसाठी अंतर्वक्र पट्टा धरायचा आणि अख्ख्या नकाशात तोच नियम पाळायचा. तोही दरवेळी चोख नसतो. कड्याखाली दगडगोट्यांचा ढिगारा साचतो आणि खरा पाय त्याखाली गाडला जातो. पश्चिमेकडच्या भरपूर पावसाच्या पट्ट्यात, जावळी-पाटणच्या खोऱ्यांत, हे ढिगारे जाड असतात, त्यामुळे डीईएमवर दिसणारा पाय खऱ्या सीमेपेक्षा वर सरकलेला असतो. माण-खटावकडे डोंगर उघडे आणि ढिगारे पातळ, तिथे रेघ जास्त विश्वासाची. नकाशावर हा भेद दाखवा. ढिगाऱ्यावरची सीमा तुटक काढली तर वाचणाऱ्याला तिची किंमत कळते.

डीईएमची मर्यादाही इथेच सांगून ठेवतो. ३० मीटरच्या घरात २५ मीटरचा उभा कडा अख्खा मावतो. म्हणजे प्रत्यक्षात जवळजवळ ९० अंशांचा कडा उताराच्या नकाशावर चाळीसेक अंशांचा दिसणार. त्याखालचा टप्पा पन्नास-साठ मीटरपेक्षा अरुंद असेल तर तो दिसणारच नाही आणि दोन प्रवाह मिळून एक वाटतील. अशा वेळी समोरासमोरच्या डोंगरांवर टप्प्यांची संख्याच वेगळी भरते. जोडताना खालून तिसरा टप्पा समोरच्या तिसऱ्या टप्प्याला जोडला जातो आणि सगळा हिशेब एका प्रवाहाने सरकतो. टप्पे मोजून जोडू नका. सोंडेवरून सोंडेवर, खोऱ्याच्या तोंडापर्यंत आणि परत, सीमा सलग चालवत न्या.

झाडं

एसआरटीएमची मोजणी फेब्रुवारी २००० मध्ये, एंडेव्हर अवकाशयानाने अकरा दिवसांच्या मोहिमेत केली. त्यातल्या सी-बँड रडारची तरंगलांबी सुमारे ५.६ सेंटिमीटर. कोपर्निकसचा डीईएम टॅनडेम-एक्स मोहिमेच्या एक्स-बँड रडारवरचा, तरंगलांबी सुमारे ३ सेंटिमीटर. दोन्ही लहरी दाट पर्णछत्र पार करून पूर्णपणे जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत. महाबळेश्वर आणि कोयनेच्या सदाहरित जंगलात त्या झाडांच्या शेंड्यांच्या जवळपास कुठेतरी परततात.

सह्याद्रीत याला एक खास वळण आहे. झाडं डोंगरभर सारखी नसतात. कडा उघडा असतो आणि टप्प्यावर, जिथे माती आणि ओल आहे, तिथे झाडांचा पट्टा असतो. पावसाळ्यानंतर लांबून पाहिलं तर डोंगराला हिरव्या पट्ट्या बांधल्यासारख्या दिसतात. डीईएममध्ये मग टप्पा झाडांच्या उंचीइतका वर उचलला जातो, कड्याचा पाय झाडीत बुडतो आणि सीमा दहा-पंधरा मीटर वर सरकते. समोरचा उतार उघडा असेल तर तिथे ती जागेवरच असते. देवराईजवळ हे आणखी ठळक होतं. आजूबाजूचं रान तुटलेलं आणि मधोमध जुनी उंच झाडं, त्यामुळे नकाशावर तिथे प्रवाहाचा एखादा फुगवटा असावा असं वाटतं.

फॅबडीईएम नावाचा संच यासाठी उपयोगी आहे. त्यात कोपर्निकसच्या डीईएममधून झाडं आणि इमारती वजा केलेल्या आहेत. फक्त ती वजाबाकी यंत्राने शिकून केलेली आहे आणि उभ्या कड्यावर ती कधी कधी खडकही कापते. मी तो मुख्य डीईएम म्हणून वापरत नाही, शेजारी ठेवून बघतो: दोन्हींत मोठा फरक पडतो तिथे माझी रेघ संशयित. खरी जमीन हवी असेल तर १५ सप्टेंबर २०१८ रोजी सोडलेल्या आइससॅट-२ उपग्रहाचे लेसर-बिंदू बघा. लेसर पानांच्या फटींतून जमीन गाठू शकतं. हे बिंदू पट्ट्यापट्ट्यांत असतात, सगळीकडे मिळत नाहीत, आणि उभ्या उतारावरचे बिंदू वापरायचे नसतात. पण टप्प्यावर एखादा पट्टा पडला असेल तर त्याच्यासारखा साक्षीदार नाही. त्याच्या उंच्याही एलिप्सॉइडवर असतात, वरची दुरुस्ती इथेही लागते.

उलट, झाडांच्या या पट्ट्यांचा उपयोगही करून घेता येतो. फेब्रुवारी-मार्चमधली सेंटिनेल-२ ची प्रतिमा डीईएमवर अंथरा. गवत वाळलेलं असताना ज्या ओळीत हिरवं टिकलेलं आहे, ती ओळ बहुतेक वेळा ओल धरणाऱ्या सीमेची असते. १० मीटरच्या प्रतिमेतली ही हिरवी रेघ ३० मीटरच्या डीईएममधल्या कड्यापेक्षा कधी कधी जास्त अचूक ठरते.

जे टप्पे लाव्हाचे नाहीतच

समोच्च रेषांवरून तयार केलेला डीईएम हाती आला असेल तर त्याच्यावर प्रवाह शोधू नका. १:५०,००० च्या पत्रकावर रेषा २० मीटरच्या अंतराने असतात. त्यांच्यामधली उंची गणिताने भरताना प्रत्येक रेषेजवळ खोटा सपाट टप्पा पडतो. उताराच्या नकाशावर तो हुबेहूब बसाल्टच्या पायऱ्यांसारखा दिसतो. ओळखायचं कसं? उंचीचा हिस्टोग्राम, म्हणजे कुठली उंची किती वेळा येते त्याचा आलेख, काढा. ६८०, ७००, ७२० असे वीसच्या पटीत सुळके दिसले की समजा. खरे प्रवाह कुठे आठ मीटरचे, कुठे चाळीसचे असतात, त्यांच्यात इतकी शिस्त नसते.

एसआरटीएमच्या उंच्या पूर्ण मीटरमध्ये असतात. उभ्या उतारावर त्याने बिघडत नाही, पण कास किंवा चाळकेवाडीच्या पठारावर एकेक मीटरच्या खोट्या पायऱ्या उमटतात. पुनर्प्रक्षेपण करताना ‘जवळचा शेजारी’ ही पद्धत निवडली तर वर आडव्या-उभ्या पट्ट्याही येतात. तिथे बायलिनिअर किंवा क्युबिक निवडा आणि उतार काढण्याआधी डीईएम यूटीएम ४३ उत्तर विभागात, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ मध्ये आणा. अक्षांश-रेखांशांच्या अंशांत ठेवून उतार काढला तर सगळा जिल्हा उभा कडा असल्यासारखा दिसतो. हे मात्र लगेच लक्षात येतं.

धरणांच्या काठी सावध राहा. धोम, कण्हेर, शिवसागर या जलाशयांची पातळी वर्षभरात बरीच बदलते आणि प्रत्येक डीईएमने ती आपापल्या दिवशी मोजली आहे. कोपर्निकसमध्ये पाण्याचा पृष्ठभाग मुद्दाम सपाट केलेला असतो. त्याची कड टप्प्यासारखी दिसते. सोबत येणारा जलाशयांचा मुखवटा (पाण्याचे पिक्सेल दाखवणारी फाइल) अंथरून तेवढा भाग कापून टाका. त्याच संचात पोकळ्या कुठे भरल्या आहेत ते दाखवणारा आणखी एक मुखवटा असतो. सावित्रीच्या खोऱ्याकडे कोसळणाऱ्या कड्यांवर रडारला सावली पडते आणि तिथल्या पोकळ्या दुसऱ्या डीईएममधून भरलेल्या असू शकतात. आर्थर सीटच्या खालची सीमा काढणाऱ्याने तो मुखवटा आधी उघडावा.

हिलशेडचा प्रकाश कुठून येतो तेही बघा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तो वायव्येकडून, ३१५ अंशांवरून असतो. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी डोंगररांगा वायव्येकडून आग्नेयेकडेच उतरतात. प्रकाश रांगेच्या लांबीवरूनच जातो आणि दोन्ही उतारांवरच्या पायऱ्या फिक्या पडतात. प्रकाश ईशान्येकडून किंवा नैर्ऋत्येकडून द्या, किंवा अनेक दिशांचं हिलशेड वापरा. एवढ्या बदलाने न दिसलेले टप्पे वर येतात.

आणि जांभा. पाचगणीचं टेबललँड, कासचं पठार यांच्या डोक्यावरचा कडा जांभ्याचा आहे. तो बसाल्ट झिजून तयार झालेला थर आहे. त्याचा तळ म्हणजे हवामानाने खडक किती खोल कुजवला त्याची हद्द, प्रवाहांमधली सीमा नव्हे. तो प्रवाहांना तिरपा कापू शकतो. जांभ्याच्या तळावरून थरांचा कल काढला तर उत्तर चुकणारच. झऱ्यांच्या दृष्टीने मात्र हा तळ महत्त्वाचा आहे, म्हणून तो वेगळ्या रंगात दाखवा, पुसून टाकू नका.

फरक हळूहळू वाढतो

दख्खनचे थर भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक बसलेले आहेत आणि ही चवड किंचित कललेली आहे. घाटमाथ्यावर हा कल ढोबळमानाने दक्षिणेकडे आणि एका अंशापेक्षा कमी आहे. ऐकायला नगण्य वाटतो, पण हिशेब करा: ०.४ अंशाचा कल आठ किलोमीटरमध्ये सुमारे ५६ मीटर खाली नेतो. म्हणजे वाईच्या उत्तरेकडे पांडवगडाच्या बाजूला असलेली सीमा दक्षिणेला पाचगणीच्या बाजूला खाली भेटली तर ते अपेक्षितच आहे. ती अगदी त्याच उंचीवर भेटली, किंवा दक्षिणेला वर भेटली, तर मात्र शंका घ्या. समान उंचीची रेघ म्हणजे प्रवाहाची सीमा असं धरून चालणारा नकाशा इथे टिकत नाही.

सीमेवरचे पुरेसे बिंदू घ्या, दोन्ही अंगांचे आणि निरनिराळ्या सोंडांवरचे, आणि त्यांच्यातून एक प्रतल बसवा. एका सरळ कड्यावरचे बिंदू कितीही घेतले तरी कलाची दिशा नीट ठरत नाही, ते पसरलेले हवेत. मग प्रत्येक बिंदू प्रतलापासून किती वर-खाली राहतो ते नकाशावर मांडा. उरलेले फरक इकडेतिकडे विखुरलेले असतील तर तो मोजणीतला गोंगाट. एका रेषेच्या अलीकडे सगळे अधिक आणि पलीकडे सगळे उणे असतील तर मी पहिल्यांदा प्रस्तरभंग हा शब्द उच्चारतो, तोही पेन्सिलीने.

तेव्हाही दुसरी एक शक्यता उरते. सगळे प्रवाह चादरीसारखे सलग नसतात. काही छोट्या छोट्या जिभांनी बनलेले असतात, एक जीभ संपते तिथे शेजारची सुरू होते, आणि टप्पा मध्येच विरतो किंवा खालीवर होतो. महाबळेश्वरच्या बाजूच्या वरच्या थरांत मोठे सलग प्रवाह बरेच आहेत, तरी त्यांचीही जाडी लांबवर सारखी राहत नाही.

तरीही जुळलं नाही तर

डोंगरावर जायचं. पसरणी, केळघर, आंबेनळी या घाटांत रस्त्याच्या कापात सीमा उघडी दिसते. तांबड्या मातीचा पट्टा शोधा, त्याच्या वरच्या प्रवाहाच्या तळाशी नळीसारख्या उभ्या पोकळ्या दिसतात का बघा, खालच्या प्रवाहाचा सच्छिद्र माथा हाताने चाचपा. पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं असतं, झरे मात्र वाहते असतात. फेब्रुवारीनंतर गवत वाळून खडक दिसू लागतो, पण बरेच झरे तोवर आटतात. दोन्ही हंगामांत एकेक फेरी झाली तर उत्तम. दाब मोजणाऱ्या अल्टिमीटरवर विसंबत असाल तर तासा-दोन तासांनी माहीत असलेल्या उंचीवर परत येऊन तो ताडा, कारण हवेचा दाब एक हेक्टोपास्कल बदलला की आठ-नऊ मीटरचा फरक पडतो. घाटात वळणावर गाडी लावू नका, दगड बघताना पाठीमागची वाहतूक विसरायला होतं.

प्रवाह दिसायला सारखेच असले तर नुसत्या डोळ्यांनी ते एकच आहेत असं ठरवता येत नाही. दख्खनच्या या भागातले पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर हे गट मुळात रासायनिक घटकांवरून वेगळे केले गेले आहेत. १९८५ मध्ये कॉक्स आणि हॉक्सवर्थ यांनी महाबळेश्वरच्या घाटांतून नमुने घेऊन हे काम केलं आणि या गटांना मिळून आज वाई उपगट म्हणतात. दरीच्या दोन्ही अंगांना एकेक ताजा, न कुजलेला तुकडा घेऊन विश्लेषण करता आलं तर वाद मिटू शकतो. खर्च आहे, पण विद्यापीठांच्या भूविज्ञान विभागांना अशा कामात रस असतो, विचारून बघावं.

सांगलीच्या सपाट भागात, पलूस-तासगावकडे, यातलं बरंचसं चालत नाही. काळ्या मातीखाली पायऱ्या झाकलेल्या आहेत. तिथे विहिरींच्या भिंती वाचाव्या लागतात. विहीर खणणाऱ्यांना प्रत्येक थर किती फुटांवर लागला ते तोंडपाठ असतं. त्यांच्याकडून ते लिहून घ्या आणि विहिरीच्या काठाची उंची डीईएमवरून लावा. सपाट जमिनीवर डीईएम बऱ्यापैकी खरं बोलतो.

नकाशा पुढच्या माणसाच्या हाती देताना त्याच्या कोपऱ्यात एवढं लिहा: कुठला डीईएम आणि कुठली आवृत्ती, उंची कुठल्या पातळीवरून, दुरुस्ती केली असेल तर किती मीटर, रेघ कड्याच्या पायाशी की माथ्याशी, कुठल्या सोंडांवर प्रत्यक्ष जाऊन पाहिलं आणि कुठे नुसत्या पडद्यावर.